रकाना क्रमांक सात

दर शनिवारी संध्याकाळी साडेपाचला आम्ही पाच जण वह्या, पेन्सिली आणि खोडरबर घेऊन कोथरूडमधल्या एका सोसायटीचे तीन जिने चढतो. पाचांतल्या दोघांना टक्कल आहे आणि एकीचा मुलगा बारावीला आहे. तरी दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची ठाम समजूत आहे, की वर गणिताची शिकवणी चालते. त्यांचं तरी काय चुकलं? दारामागून "तेरा अधिक पाच अठरा! लागला!" असा ओरडा येतो, मग कुणीतरी हळहळतं, आणि ज्यांच्या घरी आम्ही जातो त्यांना सगळे मास्तरच म्हणतात. गेल्या वर्षी आजोबांनी नातवासाठी फी विचारली. मास्तरांनी त्यांना दारातच उभं करून 'डंजन मास्टर' म्हणजे काय, ते वीस मिनिटं समजावलं. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे दहावीचे घेत नाही तुम्ही."

मास्तर सोमवार ते शुक्रवार लेखापरीक्षक असतात. गावोगावची दप्तरं तपासायची, त्यांतल्या चुका काढायच्या आणि चुकांचे प्रकार पाडायचे. यातलं तिसरं काम त्यांच्या विशेष आवडीचं. 'घोटाळा' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नाही. घोटाळा म्हणजे काय? अपहार की अनियमितता? अनियमितता असेल तर गंभीर की किरकोळ? रक्कम वसूलपात्र की नुसता शेरा मारून सोडायची? शनिवारी तोच माणूस तोच चष्मा लावून, तीच पेन्सिल कानावर अडकवून बसतो. फरक इतकाच, की समोर ग्रामसेवकाऐवजी रक्तपिपासू सरंजामदार असतो.

खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. आमच्यातला प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. एक दंतवैद्य आहेत, ते पॅलाडिन, म्हणजे चिलखतातले धर्मवीर. दिवसा जीएसटीची विवरणपत्रं भरणाऱ्या बाई संध्याकाळी जादूगारीण होतात. मी तीन फूट उंचीचा हाफलिंग चोर. उरलेलं जग, म्हणजे राजे, खानावळवाले, गाढवं, वादळं आणि खलनायक, एकटे मास्तर चालवतात. चार बॉक्स फायलींचा आडोसा करून ते पलीकडे बसतात आणि आडोशामागे फासे टाकतात. वीस बाजूंचा फासा अंथरलेल्या पंचावर टाकायचा, कारण खाली आजोबा. फासे ठेवायला मास्तरांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, जुना पानाचा डबा. अजूनही कुठल्याही फाशाला कात-चुन्याचा मंद वास येतो.

आता कुठलाही सरळ माणूस म्हणेल, की खलनायक दुष्ट आहे एवढं कळलं की पुरे, तलवार काढावी आणि सुटावं. मास्तरांच्या लेखी 'दुष्ट' ही माहितीच नव्हे, ती माहितीची सुरुवात. भिंतीवर 'कालनिर्णय'च्या शेजारी त्यांनी स्वतः आखलेला तक्ता टांगलाय. तीन ओळी, तीन स्तंभ, नऊ रकाने. आडवं चाललं की नियमनिष्ठ, तटस्थ, स्वैर. उभं उतरलं की सज्जन, तटस्थ, दुष्ट. खेळणारे 'लॉफुल गुड', 'केऑटिक ईव्हिल' असंच म्हणतात. मास्तरही बोलताना तेच म्हणतात, पण तक्ता मराठीत. सर्वांत वर डावीकडे रकाना एक, नियमनिष्ठ सज्जन. सर्वांत खाली उजवीकडे रकाना नऊ, स्वैर दुष्ट. आणि खालच्या ओळीत पहिला, रकाना सात : नियमनिष्ठ दुष्ट. हा मास्तरांचा जीव की प्राण.

तक्त्याचा इतिहास प्रत्येक नव्या खेळाडूला ऐकावाच लागतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातून निघाला, तेव्हा रकाने तीनच होते : नियम, तटस्थता, अनागोंदी. चांगलं-वाईट हा प्रश्नच नव्हता. ती कल्पना पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या अद्भुतकथांतून उचललेली. पण नियमाच्या बाजूचे म्हणजे चांगले आणि अनागोंदीचे म्हणजे वाईट, असं लोक परस्पर धरून चालले. मग १९७६ साली गायगॅक्सनं एका लेखात चांगुलपणाची दुसरी, उभी रेघ मारली आणि पुढच्या दोनतीन वर्षांत नऊ रकाने पुस्तकांत पक्के झाले. मास्तर हे सांगताना गायगॅक्सचा उल्लेख 'गायगॅक्ससाहेब' असा करतात. "एकच रेघ ओढली माणसानं," ते म्हणतात, "पण बघा, प्रामाणिक गुंड आणि कायदेशीर चोर दोघांचीही सोय झाली."

२००८ साल हे मास्तरांच्या आयुष्यातलं काळं वर्ष. त्या वर्षी खेळाची चौथी आवृत्ती आली आणि तिनं नऊ रकान्यांचे पाच केले. त्यात 'नियमनिष्ठ दुष्ट' हा वेगळा रकानाच उरला नाही, नुसता 'दुष्ट'! मास्तर ती आवृत्ती खेळले नाहीत. सहा वर्षं त्यांनी जुनी पुस्तकं चालवली. २०१४ला पाचव्या आवृत्तीत नऊही रकाने परतले, त्या दिवशी त्यांनी पेढे आणले होते. काकूंना वाटलं बढती मिळाली. त्यांनी देवापुढे ठेवले.

एवढं झाल्यावर पुलाची गोष्ट सांगतो. आम्ही एका दगडी पुलावर आलो आणि सहा जण आडवे आले. म्होरक्यानं माणशी पाच मोहरा मागितल्या. डॉक्टरांनी तलवार उपसली, मी मागच्या मागे सटकायच्या बेतात. तेवढ्यात जादूगारीणबाईंनी निव्वळ सवयीनं विचारलं, "पावती मिळेल का?"

आडोशापलीकडे शांतता. मग पेन्सिलची खरखर.

"मिळेल," मास्तर म्हणाले.

झालं. पावती देणारा दरोडेखोर हा दरोडेखोर राहतो का? डॉक्टर म्हणाले, राहतो, कारण वसुलीचा अधिकार त्याला कुणी दिला? बाई म्हणाल्या, अधिकार नंतर बघू, आधी पावतीवर अनुक्रमांक आहे का ते पाहा. होता. मास्तरांचे डोळे चमकायला लागले. ते स्वतःच्याच दरोडेखोराची उलटतपासणी घ्यायला लागले. "तो स्थळप्रत ठेवतो," ते हळूच म्हणाले. "ठेवतो! म्हणजे नियमनिष्ठ. सातव्यात गेला." पोहे आले, गार झाले, परत गरम झाले. सव्वादोन तासांनी आम्ही पंचवीस मोहरा मोजून पुलापलीकडे गेलो. रात्री त्यांच्या तळावर शिरून मी मोहरा परत आणायच्या सोडून स्थळप्रतींचा गठ्ठाच उचलून आणला. मास्तरांनी पुढच्या शनिवारी मान्य केलं, की दप्तर गहाळ झाल्यामुळे सदर इसम आता आठव्या रकान्यात धरावा लागेल. सहा वर्षांच्या चोरीत मला याहून मोठं यश मिळालेलं नाही.

ड्रॅगनचं प्रकरणही असंच. पुस्तकात ड्रॅगनांचा रंगावरून स्वभाव ठरलेला आहे : लाल, काळा, पांढरा हे स्वैर दुष्ट, निळा आणि हिरवा नियमनिष्ठ दुष्ट. मास्तरांनी आम्हाला डोंगरातल्या लाल ड्रॅगनची बातमी दिली. आठवडाभरात त्यांना त्याच्या गुहेचं वर्णन लिहायची वेळ आली. ड्रॅगन सोन्याच्या राशीवर झोपतो. पण रास किती? रोज मोजतो की अंदाजे? मास्तरांच्यानं 'अंदाजे' लिहवेना. मग ड्रॅगन रोज संध्याकाळी नाणी मोजायला लागला, रविवारी ताळा करायला लागला, आणि बघता बघता पुस्तकाच्या हिशेबानं लाल राहायला नालायक ठरला. पुढच्या शनिवारी आम्ही गुहेत शिरलो तर ड्रॅगन निळा. "पण गावकरी लाल म्हणाले होते," मी म्हटलं. "गावकऱ्यांनी लांबून पाहिला," मास्तर म्हणाले, "आणि सूर्यास्त होता." मग हिरवा का नाही केलात, असं बाईंनी विचारलं. मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "हिरवी शाई राजपत्रित अधिकाऱ्याची. या ड्रॅगनला अजून तेवढा अधिकार नाही."

मास्तरांची खरी पंचाईत भाषांतरात होते. या खेळात 'डेव्हिल' आणि 'डीमन' यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. डेव्हिल नरकाच्या नऊ थरांत राहणारे, उतरंड पाळणारे, करारावर सही घेऊन मगच आत्मा नेणारे. डीमन अथांग विवरातले, फाडून खाणारे, कुणाचं न ऐकणारे. दोघांचं आपसांत अनंत काळ युद्ध चाललंय. अमेरिकेतले पालक असल्या नावांवर भडकले म्हणून १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत दोघांना चमत्कारिक टोपणनावं दिली होती, अपहाराला 'लेखाविषयक विसंगती' म्हणावं तशी. मराठीत काय करायचं? दैत्य, दानव, असुर, राक्षस, पिशाच, हडळ... शब्दांची ददात नाही, पण सही घेऊन खाणारा कोण आणि न घेता खाणारा कोण, हे एकाही शब्दात नाही. मास्तरांनी एकदा अख्खा रविवार आपली भुतं रकान्यांत बसवण्यात घालवला. वेताळ तिसऱ्या मिनिटाला बसला : विक्रमाशी अट ठरवतो, अट मोडली की झाडावर परततो, पुन्हा उतरवला की तीच अट. नियमनिष्ठ तटस्थ, वादच नाही. मुंजाही पिंपळ सोडत नाही, हद्द पाळतो, तोही त्याच रकान्यात. हडळ अडकली. तिचे पाय उलटे, तेव्हा ती कुठल्या दिशेला चालली हेच ठरेना.

सिनेमाही ते याच नजरेनं बघतात. १९७५च्या 'सामना'तला निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील हा त्यांच्या मते मराठीतला सर्वोत्तम रकाना सात. "बघा, हा माणूस कारखाना काढतो, रोजगार देतो, पाहुण्याची बडदास्त ठेवतो," ते कळवळून सांगतात. "आणि मग खून." गब्बरसिंग त्यांना फारसा आवडत नाही. नऊ नंबर, संपलं, तपासायला काय उरलं? रेव्हनलॉफ्टच्या गढीतला काउंट स्ट्राड मात्र पाठ. तो १९८३ साली या खेळात आला. सख्ख्या भावाला त्याच्या लग्नाच्या दिवशी मारलं, मेल्यावरही मेला नाही, आणि तरी पाहुण्यांना जेवणाचं निमंत्रण पत्रानं धाडतो. "पत्रानं!" मास्तर म्हणतात.

आम्हा खेळाडूंबद्दल त्यांचं मत फार बरं नाही. पात्र तयार करताना आपापला रकाना आपण लिहायचा असतो. आमच्या पाचांतल्या तिघांनी 'स्वैर तटस्थ' लिहिलंय. याचा अर्थ, आम्ही काहीही करू आणि कुणी विचारायचं नाही. मास्तर या रकान्याला 'संकीर्ण खर्च' म्हणतात. चौथा पाचव्या रकान्यात, निव्वळ तटस्थ. तो सहसा झोपलेला असतो. राहिले डॉक्टर. पॅलाडिन असल्यामुळे ते रकाना एकमध्ये. जुन्या नियमांत पॅलाडिनला दुसरा रकानाच नव्हता. तिथून ढळला की दैवी शक्ती गेली. नव्या पुस्तकात ती अट नाही, पण मास्तरांच्या घरी आहे. त्यामुळे डॉक्टर खानावळीत फुकटची चटणी जास्त घेतानाही आडोशाकडे बघतात.

जुन्या पुस्तकांत आणखी एक विचित्र सोय होती : प्रत्येक रकान्याची स्वतःची गुप्त भाषा. पुढं लोकांनी हसून ती सोडून दिली. मास्तरांनी सोडली नाही. त्यांचा चौदा महिने चाललेला खलनायक, ड्यूक मॉर्व्हेन, सातव्या रकान्यातला. तेव्हा त्यांनी त्याला नियमनिष्ठ दुष्टांची भाषा दिली. आम्ही गडावर पोहोचलो त्या रात्री बाण आला आणि बाणाला गुंडाळलेला कागद. मास्तरांनी खरोखरीचा कागद आणला होता, जावक क्रमांकासह :

"विषय : आपणांस ठार मारणेबाबत. संदर्भ : आपले गडावरील अनधिकृत आगमन. उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, सात दिवसांचे आत लेखी खुलासा सादर न केल्यास आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल, याची नोंद घ्यावी."

त्या कागदानं आमची जी गाळण उडाली ती एकाही राक्षसानं उडवलेली नाही. डॉक्टरांनी घरी बसून खुलासा लिहिला. पुढच्या शनिवारी उत्तर आलं : खुलासा असमाधानकारक.

या ड्यूकची फाईल बघण्यासारखी होती. सुरुवातीला एक पान होतं. त्यानं गाव जाळलं, एवढंच. मग मास्तरांना वाटलं, सातव्या रकान्यातला माणूस नोटीस न देता गाव जाळणार नाही. म्हणून त्यानं आधी दवंडी पिटवली. दवंडी पिटवली तर लोक निघून गेले असतील. म्हणून गाव रिकामं जळलं. रिकामं गाव का जाळेल? म्हणून तिथं साथ आली. सहाव्या महिन्यात ड्यूकला आजारी आई मिळाली, नवव्यात त्यानं अनाथांसाठी धान्यकोठार बांधलं. एका शनिवारी जादूगारीणबाई म्हणाल्या, "मास्तर, याला मारायचं कशाला? मी तर याला मत देईन." मास्तर दचकले. दोन रात्री जागून त्यांनी ड्यूकला परत खाली ओढला : कोठारातलं धान्य मिळायचं, पण त्याबदल्यात सात पिढ्यांची वेठ लिहून घेतलेली, तीही बारीक अक्षरात. फाईल एकशे चाळीस पानांची झाली. मधल्या काळात आम्ही एक देऊळ लुटलं आणि एक गाढव दलदलीत सोडून आलो. आमची नोंद दोन ओळींत आहे.

आणि मग तो शनिवार आला. ड्यूकशी शेवटची झुंज. त्याचा मनोरा दोनशे फुटी, जिना बाहेरून वळत जाणारा आणि बिनकठड्याचा. मास्तर त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. ड्यूक खाली येऊन आम्हाला अंतिम आदेश वाचून दाखवणार होता. आदेश अडीच पानांचा, आडोशामागे तयार. बड्या खलनायकांना पुस्तकानं एक सवलत दिलेली असते. बचावाचा फासा हुकला तरी दिवसातून तीनदा 'वाचलो' म्हणता येतं. बाईंनी तिन्ही वेळा मंत्र मारून ती सवलत संपवली होती. माझ्याकडे काहीच नव्हतं. कंदिलाचं तेल होतं. मी म्हटलं, "मी जिन्यावर तेल ओततो."

मास्तर थांबले. "कुठल्या पायरीवर?"

"सर्वांत वरच्या."

नियम नियम असतो. ड्यूकला तोल सावरायला वीस बाजूंचा फासा टाकणं आलं. आडोशामागे खळखळ झाली. तिकडचं आम्हाला काहीही दिसत नाही. मास्तर काहीही सांगू शकतात. जगातला बहुतेक प्रत्येक डंजन मास्टर कधी ना कधी असल्या वेळी थाप मारतो आणि ते पापही मानलं जात नाही. मास्तर बराच वेळ पंचाकडे बघत होते.

"दोन," ते म्हणाले.

ड्यूक घसरला. दोनशे फुटांवरून पडलं की सहा बाजूंचे वीस फासे टाकून इजा मोजायची. घरात सहा बाजूंचे फासे चारच, म्हणून मास्तरांनी पाच वेळा टाकले. प्रत्येक खेपेला पेन्सिलीनं आकडे मांडले, हातचा धरला, खाली रेघ मारली. वरून खाली बेरीज केली. मग खालून वर केली. कुणी पोह्यांना हात लावत नव्हतं.

"चौऱ्याहत्तर," मास्तर म्हणाले. आणि कुणी विचारलेलं नसताना, "ड्यूककडे शिल्लक एकाहत्तर होती."

आम्ही ओरडलो. खालून आजोबांनी काठीनं छत ठोकलं. मास्तरांनी अडीच पानांचा आदेश घडी करून फाईलमध्ये ठेवला, फाईलच्या दोऱ्या बांधल्या, वर 'निकाली' असं लिहिलं आणि तारीख घातली. चहा न घेता फासे एकेक पुसून डब्यात ठेवायला लागले. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "मास्तर, तेल विकत का घेतलं मी, उगाच."

"पावती आहे ना?" ते म्हणाले.

जिना उतरायच्या आधी त्यांनी जाहीर केलं, की आता पुरे. पुढचा खलनायक रकाना नऊमधला. डीमन. कारण नाही, बालपण नाही, आई नाही, फाईल नाही. येणार आणि फाडणार. त्यांचा चेहरा पाहून आमचा विश्वास बसला. पुढच्या शनिवारी आम्ही नवी चिलखतं आणि तीन बाटल्या औषधपाणी घेऊन गेलो. मास्तरांनी घरातले दिवे घालवले, आवाज खर्जात नेला आणि विवरातून वर येणाऱ्या त्या अक्राळविक्राळ प्राण्याचं असं वर्णन केलं, की डॉक्टरांनी माझा हात धरला. धूर निघाला, दार कडाकडा फुटलं, आणि त्या फुटक्या दारात तो बारा फुटी डीमन उभा राहिला.

"आणि," मास्तर क्षणभर घुटमळले, "तो बाहेर चपला काढतो."